बॅटरीवरचा आठ

बॅटरीच्या टर्मिनलवर जो निळसर-पांढरा बुरा चढतो ना, त्यात देव नसतो. हे मी कुणालाही लिहून द्यायला तयार आहे. वडिलांच्या मागे बॅटऱ्यांचं दुकान चालवता चालवता माझे केस पिकले, आम्लाचे शिंतोडे उडून एक कपडा धड राहिला नाही, आणि इतक्या वर्षांत त्या बुऱ्यात मला एकच गोष्ट दिसलेली आहे: मालकाचा आळस. पण हे आमच्या गावाला कोण सांगणार? त्यातून लॉटरीची सोडत तोंडावर आलेली असली की विचारूच नका. महिन्यातून दोनदा सोडत, आणि तिच्या आधी गावात कशातही आकडा दिसतो. केळीला वेडावाकडा घड लागला, त्यात आकडा. घरात पाल पडली, त्यात आकडा. मागे गावप्रमुख सनानकाकांच्या पाठीवर नायटा उठला, तर लोकांनी त्यांना सदरा काढायला लावून भर अंगणात पालथं झोपवलं आणि पाठीला पावडर चोळून आकडा शोधत बसले. काकाही झोपले, त्यांनाही तिकीट घ्यायचंच होतं.

तर गोष्ट प्रयोंगदादाच्या सोंगथेवची. पिकअपच्या हौद्यात समोरासमोर दोन बाकं, वर पत्रा, अशी ती गाडी. सकाळी गावातून बाजारात, दुपारी बाजारातून गावात. प्रयोंगदादाची बायको जाऊन जमाना झाला. माणूस सोन्यासारखा, पण समोरासमोर बोलायची वेळ आली की याची दातखीळ बसते. एकदा माझ्या दुकानात येऊन पंख्याखाली नुसता उभा राहिला, घाम पुसला आणि परत गेला. नंतर कळलं की त्याला डिस्टिल्ड वॉटर हवं होतं. मात्र हातात स्टिअरिंग आलं, नजर रस्त्यावर लागली, की हाच माणूस घडाघडा बोलायला लागतो. तुमच्याकडे बघावं लागत नाही ना, मग त्याला काही वाटत नाही.

आणि त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर, रोज सकाळी कोण? तर लामदुआन. माझी लहानपणची मैत्रीण. बाजारात नारळाच्या दुधाचे आप्पे विकते. मांडीवर आप्पेपात्र, पायाशी पिठाचा डबा, आणि तोंडाचा पट्टा सुरू. त्या सीटवर दुसरं कुणी बसायला गेलं तर प्रयोंगदादा म्हणायचा, तिथली स्प्रिंग टोचते. आख्ख्या गावाला कळलेलं होतं. लामदुआनलाही कळलेलंच होतं, पण ती काय स्वतः होऊन बोलणार? ती वाट बघत बसली, आणि हा पठ्ठ्या रस्त्यात खड्डे किती झाले, म्हैस कुणी विकली, एवढंच बोलत राहिला.

शेवटी लामदुआनच्या भाचीने लांब रायोंगला खानावळ काढली आणि मावशीला बोलावून घेतलं. कायमचं. सोळा तारखेला सकाळची बस. लामदुआनने हे गाडीतच सांगितलं आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "जाते बाई. इथे मला अडवणारं कोण आहे?" यावर प्रयोंगदादा काय म्हणाला असेल? म्हणाला, "या वळणावर कुत्री फार झालीत." हे तिने मला सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

त्याच संध्याकाळी तो माझ्या दुकानात आला. माझ्याकडे न बघता बॅटऱ्यांच्या रांगेकडे बघत म्हणाला, "सोळाला तिला स्टँडवर मीच सोडणार. रस्त्यात बोलतो."

"काय बोलतोस?"

"बोलतो ना."

"अरे, पण काय?"

त्याचे कान लाल झाले. "जाऊ नको म्हणतो."

"नाही बोललास ना दादा, तर याद राख," मी म्हटलं, "तुझ्या गाडीला मी हातसुद्धा लावणार नाही." त्याने मान हलवली आणि गेला. बिचाऱ्याकडे तेवढी एकच संधी होती. गावातून स्टँडपर्यंतचा रस्ता, हातात स्टिअरिंग आणि शेजारी ती. घराच्या ओट्यावर किंवा स्टँडच्या फलाटावर त्याच्याच्याने एक शब्द फुटला नसता.

आणि पंधरा तारखेला गाडी बंद पडली. किल्ली फिरवली की नुसतं टक्. मला निरोप आला, मी हत्यारांची पेटी घेऊन गेले, बॉनेट उघडलं, आणि तिथेच हात टेकले. पॉझिटिव्ह टर्मिनलवर पेरूएवढा गोळा. खाली हिरवा, मध्ये निळा, वरती पांढरा, फेसाळलेला.

"दादा, हे काय पाळलंयस?"

"थोडं वाढलंय," तो म्हणाला.

"थोडं? याचं आता बारसं करायचं तेवढं राहिलंय! दर महिन्याला पुसायला काय होतं रे तुला?"

 मी म्हटलं, जाऊ दे, अर्ध्या तासाचं काम आहे. कढत पाणी ओतायचं, ब्रश मारायचा, केबलचा क्लॅम्प खराब असला तर नवा घालायचा. त्याला पाणी तापवायला आत पिटाळलं आणि मी पेटीतून पाने काढायला वाकले. तेवढ्यात मागून मालिवानमावशी आली. मालिवानमावशी लॉटरीची तिकिटं विकते. गळ्यात तिकिटांची लाकडी पेटी, डोक्यावर भलीमोठी टोपी, आणि नजर घारीची. तिने माझ्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं आणि किंचाळली, "अगं बाई! आठ!"

"कुठे आठ?"

"हा काय! वरती एक गोल, खाली एक गोल! आणि पॉझिटिव्हवरच आलाय, निगेटिव्हवर नाही. शुभ बाजूला आलाय गं!"

मी म्हटलं, मावशी, पॉझिटिव्हवरच येतो बहुतेक वेळा. पण ऐकायला मावशी होती कुठे? ती गल्लीत पोचली होती. कढत पाण्याची किटली बाहेर येईपर्यंत अंगणात सगळा गाव जमला. कुणी उदबत्त्या आणल्या, कुणी झेंडूची माळ. एका म्हातारीने लहान मुलांची पावडर आणून त्या गोळ्याला फासली आणि बोटाने चोळायला लागली. मी ओरडले, "आजी, हात भाजेल, आम्ल आहे ते!" तर ती म्हणते, "ऊब लागतेय गं पोरी, जिवंत आहे."

मग गावप्रमुख सनानकाका आले. गर्दीने वाट करून दिली. काकांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि जाहीर केलं, "उद्या दुपारी सोडत होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"अहो काका," मी म्हटलं, "हा बुरा आहे. बॅटरीतून आम्लाची वाफ येते, ती तांब्याला-शिशाला खाते, आणि ते हे असं साठतं. यात काही नाही."

"तांब्याला खाऊन आठच का साठला? पाच का नाही साठला?"

  लोकांनी माना डोलावल्या.

"पण उद्या सकाळी प्रयोंगदादाला गाडी हवी आहे. लामदुआनला स्टँडवर सोडायचंय."

"त्यात काय," काका म्हणाले, "मी सोडतो की तिला. माझी नवी गाडी आहे, एसी आहे. आरामात जाईल."

प्रयोंगदादा दारात किटली धरून उभा होता. त्याचा चेहरा असा पडला की माझ्याने बघवेना. मी त्याला म्हटलं, अरे तू बोल ना, गाडी तुझी आहे! त्याने तोंड उघडलं, सगळा गाव त्याच्याकडे बघायला लागला, आणि त्याने किटलीतलं पाणी सगळ्यांना चहासाठी वाटून टाकलं. मग गाडी ढकलून तरी सुरू करू म्हटलं, तर काका म्हणे देवाचं आसन हलवायचं नाही. तसंही ढकलून काही झालं नसतं, त्या टर्मिनलमधून इंजिनला डिझेल सोडणाऱ्या कळीलासुद्धा वीज पोचत नव्हती. रागाच्या भरात मी पाने पेटीत आपटले आणि घरी गेले.

सकाळी लवकर पेटी घेतली, दुकानातून आणलेलं जाड केबलचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि परत गेले. मनात म्हटलं, आज कुणी आडवं आलं तर त्याला पान्यानेच बडवते. अंगणात जत्रा भरलेली होती. बॅटरीच्या गळ्यात माळा. पुढे ताटात केळी, उकडलेली अंडी, आणि लाल सोड्याच्या बाटल्या, प्रत्येकीत स्ट्रॉ घातलेली. आमच्याकडच्या देवांना लाल सोडा फार आवडतो. लोकांचे दोन तट पडले होते. अर्धे म्हणत होते आठ आहे, अर्धे म्हणत होते आडवा केला तर गणपती आहे. लामदुआन आली तीच ठेवणीतला रेशमी सिन्ह कमरेला गुंडाळून, पाठीमागे हातगाडीवर तिची बोचकी आणि आप्पेपात्रं. तिने गर्दीत घुसून बघितलं.

"मला तर आप्पा दिसतोय," ती म्हणाली. "करपलेला."

"तुला काय कळतंय?" मालिवानमावशी तिच्यावर खेकसली.

पलीकडे सनानकाकांची नवी गाडी चकाचक पुसून उभी. दार उघडं, एसी चालू. प्रयोंगदादा आपल्या गाडीच्या टायरला टेकून बसलेला. स्वच्छ सदरा घातला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता. माझी चाहूल लागताच हळूच म्हणाला, "थोंगबाय, काहीतरी कर गं." मला त्याचा राग यावा की कीव यावी, हेच कळेना. दोन्ही आले.

तेवढ्यात मालिवानमावशीने सोड्याची नवी बाटली उघडली. गाडीच्या टपावर उन्हात ठेवलेली बाटली ती. बूच निघालं तसा फस्सकन फेस वर आला आणि उतू जाऊन थेट त्या गोळ्यावर पडला. गोळा फसफसला. वरचा एक तुकडा विरघळून खाली वाहून गेला. मी ओरडणारच होते की बाई, बॅटरीवर साखरपाणी काय ओततेस, पण त्याआधी गर्दीतून आरोळी आली.

"बदलला! तीन झाला!"

"तीनच आहे! डावीकडची बाजू गेली!"

"आठ नव्हताच तो! कच्चा आकडा होता!"

मी तोंड मिटलं. डोक्यात उजेड पडला. चेहरा शक्य तितका गंभीर केला आणि म्हटलं, "तहानलेला आहे बिचारा. कालपासून नुसता धूर घेतोय. कुणी घोटभर काही पाजलं का त्याला?"

मग काय विचारता! लोक घराघरांत पळाले आणि दिसेल ती बाटली घेऊन आले. लाल सोडा, हिरवा सोडा, काळा सोडा. माझ्या आधी, माझ्या आधी, म्हणून ढकलाढकली. गोळा फसफसतोय, गुलाबी-हिरवे ओघळ इंजिनवरून खाली, आणि सनानकाका टायरवर चढून मुष्टियुद्धाचं समालोचन करावं तसे ओरडतायत, "तीन होता, आता सात! सात वाकतोय, वाकतोय, एक झाला! थांबा, एक जाड आहे, अजून पाजा!" मी प्रयोंगदादाला कोपराने ढोसलं. तो आत गेला आणि कढत पाण्याची किटली घेऊन आला. "आता शेवटचं स्नान," मी म्हटलं, आणि सगळी किटली ओतली. खाली शिशाचा गोल खुंट उघडा पडला.

  सनानकाकांनी वाकून त्या गोल खुंटाकडे बघितलं, चष्मा वर-खाली केला, आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "शून्य."

मालिवानमावशीने छातीवर हात मारला. "अरे देवा! शून्याची तिकिटं मी घरी ठेवलीत!"

ती पळाली. तिच्या मागे सगळा गाव पळाला. पावडरवाली आजी पळाली. सनानकाकासुद्धा पळाले, एक चप्पल टाकून. नव्या गाडीचं दार उघडंच, एसी चालूच. अंगणात आम्ही तिघं आणि केळी उरलो.

"गेले?" प्रयोंगदादा म्हणाला.

"गेले. आता तोंड बघत बसू नकोस, दहाचा पाना दे! नाही, आधी निगेटिव्ह सोडवायचं, मग पॉझिटिव्ह, किती वेळा सांगायचं?"

पॉझिटिव्हचा क्लॅम्प हातात आला तोच भुगा होऊन. एक जबडा पूर्ण खाल्लेला. केबल दाबून बघितली तर आतून बिस्किटासारखी कुरकुरली. वरचं रबर सोललं, आत तांबं नाही, हिरवी पूड. वीतभर मागे कापलं, तिथेही पूड. म्हणजे सगळीच केबल बदलायची, बॅटरीपासून थेट स्टार्टरपर्यंत. मी गाडीखाली शिरले. वरून सोड्याचे थेंब माझ्या तोंडावर.

"होणार आहे का ते?" लामदुआनचा आवाज. "नाहीतर मी आपली काकांच्या गाडीत बसते."

"बस जा!" मी खालून ओरडले. "ड्रायव्हर तिकिटं घ्यायला पळालाय!"

तिच्या पायांची चुळबुळ मला खालून दिसत होती. घड्याळाकडे बघत असणार. मी जुनी केबल ओढून काढली, नवी मापाने कापली, दोन्ही टोकांना तांब्याची कडी, म्हणजे लग, ठोकले, एक टोक स्टार्टरला घट्ट बसवलं. वर येऊन बॅटरी धुतली, खुंट ब्रशने असा घासला की त्यात तोंड दिसावं, नवा क्लॅम्प चढवला, आवळला, वर ग्रीस थापलं. निगेटिव्ह शेवटी.  

"मार किल्ली."

प्रयोंगदादाने डोळे मिटले आणि किल्ली फिरवली. एकदा गुरगुर, मग धडधडधड, मागून काळा धूर. मला इतका आनंद झाला की मी बॉनेटवर दोन्ही हातांनी ढोल वाजवला. लामदुआनची बोचकी हौद्यात टाकली आणि मीही मागे चढले, दुकान उघडायचं होतं ना. माझं दुकान स्टँडच्या अलीकडेच आहे. ती पुढे बसली, आपल्या जागेवर.

पुढच्या आणि मागच्या भागात एक सरकती काच आहे. मी ती सरळ उघडली आणि कान लावून बसले. लाज कसली त्यात?

प्रयोंगदादा बोलायला लागला. सनानकाकांचा ऊस यंदा चांगला आहे. लामदुआन म्हणाली, हं. मोरीचा पाइप फुटलाय, अजून कुणी बघितलेला नाही. हं. परवा एक साप आडवा गेला, एवढा लांब. हं. मागे मी आप्पेपात्र पोटाशी धरून जळत होते. अरे मेल्या, सापाचं काय सांगतोस? बोल ना! मोरी गेली, वीटभट्टी गेली, बाजार दिसायला लागला. लामदुआनने मांडीवरची पिशवी उचलून हाताला अडकवली. तिचा हं सुद्धा बंद झाला.

माझं दुकान आलं आणि गेलं. मी पत्र्यावर थापा मारल्या, पण त्याला ऐकूच आलं नाही. समोर स्टँड. रायोंगची बस उभी होती, क्लीनर टपावर सामान बांधत होता. प्रयोंगदादाने गाडी हळू केली. मला वाटलं, संपलं. मग त्याने गिअर बदलला, गाडी पुढे निघाली, आणि स्टँड मागे पडलं.

"दादा, स्टँड गेलं," लामदुआन म्हणाली.

"हो."

"बस उभी होती माझी."

"बघितली."

"मग थांबवली का नाहीस?"

"थांबवली तर परत सुरू होणार नाही. थोंगबाय म्हणाली तसं."

मी? मी कधी म्हणाले? मी आत्ता स्वतःच्या हाताने नवीकोरी केबल घातली होती! ती गाडी दिवसातून शंभर वेळा बंद केली असती, तरी शंभर वेळा सुरू झाली असती! माझं तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात लामदुआन मागे वळली आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. डोळे पाण्याने भरलेले, पण नजर मात्र रोखलेली.

"थोंगबाय, खरं का गं हे?"

पलीकडे प्रयोंगदादाचे कान दिसत होते. मानेपर्यंत लाल झाले होते. स्टिअरिंग त्याने असं धरलं होतं की जणू सुटलं तर गाडीबरोबर सगळंच सुटणार.

"खरं आहे बाई," मी म्हणाले. "अगदी भिकार काम झालंय माझ्या हातून. थांबवली की संपलीच."

लामदुआन पुढे वळली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला होता.  मग प्रयोंगदादाने समोर बघत, एकदाही मान न वळवता सांगितलं, "लामदुआन, तू जाऊ नकोस. तू शेजारी नसलीस तर मी सकाळी उठू कशाला? मला तुझ्याशिवाय करमणार नाही. हेच सांगायचं होतं, इतकी वर्षं."

तिने पिशवी हातातून काढून पायाशी ठेवली. बाहीने नाक पुसलं.

"पुढच्या पुलाशी वळव गाडी," ती म्हणाली. "उद्याच्या आप्प्यांचे तांदूळ भिजत घालायचे राहिलेत."